‘तुम्ही खेळता का?’

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन बेसबॉल आणि उत्तेजक द्रव्यांवरचा लेख दोनदा वाचला. बॅरी बाँड्सचे कारकिर्दीतले ७६२ होमरन (आपल्या षटकारासारखे टोले), मार्क मॅग्वायरचे १९९८ च्या एकाच हंगामातले ७०, आणि एवढं करूनही दोघांना ‘हॉल ऑफ फेम’चं, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनाचं, दार बंद, हे सगळं त्यात नीट आलं आहे. पण बडोद्यात चौतीस वर्षं औषधांचं दुकान चालवल्यामुळे मला त्यात एक माणूस सापडला नाही. घेणारे सगळे आहेत, देणारा नाही.

मॅग्वायरच्या कपाटात १९९८ साली एका पत्रकाराच्या नजरेला पडलेली बाटली अँड्रोस्टेनडायोनची होती. पोटात गेल्यावर त्याचं टेस्टोस्टेरॉन बनतं. ऑलिंपिकमध्ये त्यावर बंदी होती, बेसबॉलमध्ये नव्हती, आणि अमेरिकेत तेव्हा ती बाटली दुकानात कुणालाही मिळे. तिची विक्री थांबायला २००४ उजाडलं आणि स्टिरॉइड घेत होतो हे मॅग्वायरने कबूल करायला २०१०. मधे २००७ मध्ये बेसबॉलमधल्या उत्तेजकांच्या चौकशीचा मिचेल अहवाल आला. त्यातली ८९ खेळाडूंची नावं गाजली. माझं लक्ष मात्र कर्क राडोम्स्की या माणसावर खिळलं. न्यूयॉर्क मेट्स संघात पोरवयात तो बॅट उचलून द्यायचा, पुढे ड्रेसिंग रूममध्ये खेळाडूंचं सामानसुमान सांभाळायचा. कित्येकांना माल त्यानेच पुरवला. तो कुणी अंधारातला तस्कर नव्हता, रोज समोर वावरणारा, नावाने हाक मारायचा माणूस होता.

आपल्याकडेही तो माणूस ओळखीचाच असतो. कधी जिमवाले सर, कधी कोच, आणि कधी, हे लिहिताना हात जड होतो, गल्लीच्या तोंडावरचा केमिस्ट.

बडोदेकरांना यूसुफ पठाणचं प्रकरण आठवत असेल. मार्च २०१७ मध्ये दिल्लीतल्या टी-ट्वेंटी स्पर्धेत घेतलेल्या नमुन्यात खेळाडूंना बंदी असलेलं टर्ब्युटलीन सापडलं. हे औषध खोकल्यावर चालतं, ते नकळत पोटात गेलं हे क्रिकेट मंडळाने मान्य केलं, तरी पाच महिन्यांची बंदी झालीच. दोन वर्षांनी इंदूरच्या सामन्यात पृथ्वी शॉचा नमुना घेतला, त्यातही तेच औषध, आणि बंदी आठ महिन्यांची.

टर्ब्युटलीन म्हणजे काही भयंकर विष नाही. आखडलेली श्वासनलिका त्याने मोकळी होते. खोकल्याच्या कित्येक बाटल्यांत ते ब्रोमहेक्सिन आणि ग्वायफेनेसिन या कफ पातळ करणाऱ्या औषधांबरोबर असतं. अशा बाटल्या मी किती विकल्या याची गणती नाही. थंडीत तर रोज. आणि चौतीस वर्षांत एकदाही समोरच्याला विचारलं नाही, “तुम्ही खेळता का?” नियम असा, की शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार. खरोखर गरज असेल तर डॉक्टरांच्या कागदांसह आधी परवानगी मागायची. नियम कडक आहे, पण मला तो पटतो, नाहीतर जो तो खोकल्याच्या बाटलीकडे बोट दाखवील. मात्र त्या मुलाच्या हातात बाटली ठेवणाऱ्याला कुणी एक शब्दही विचारत नाही, हे पटत नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. दुकान सोडण्याआधीच्या चार-पाच वर्षांत संध्याकाळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं यायची. काउंटरवर वाकून हळूच विचारायची, “काका, पेलुं इंजेक्शन मळशे?” म्हणजे ‘ते’ इंजेक्शन मिळेल का? त्यांना हवं असायचं मेफेन्टरमाइन. ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब घसरला तर द्यायचं औषध! व्यायामाआधी टोचून घेतलं की थकवा जाणवत नाही, हृदय मात्र नुसतं धावत सुटतं. मी कधी दिलं नाही. पण दोन दुकानं सोडून पुढे त्यांना ते मिळत असणार, कारण तीच पोरं पुन्हा माझ्याकडे येत नसत.

एकाने वहीच्या पानावर लिहिलेली यादी आणली होती. त्यावर डॉक्टरांचं नाव नव्हतं, शिक्का नव्हता. जिमच्या सरांनी लिहून दिली, म्हणाला. वर नॅन्ड्रोलोन हे स्टिरॉइड, खाली टॅमोक्सिफेन. संपादक महोदय, टॅमोक्सिफेन हे स्तनांच्या कर्करोगावरचं औषध आहे. धडधाकट पोराच्या यादीत ते का? तर बाहेरून पुरुषी संप्रेरक घेतलं की मेंदूला वाटतं, आता पुरे झालं. शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि वृषणं आक्रसतात. घेतलेल्या द्रव्यांतल्या काहींचं रूपांतर स्त्री-संप्रेरकात होतं आणि पोरांची छाती वाढू लागते. ते झाकायला टॅमोक्सिफेन. म्हणजे काय होणार हे यादी लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. त्या पोराला नव्हतं. मी त्याला स्टुलावर बसवून हे सगळं सांगितलं, हृदयाचे स्नायू जाड होतात तेही सांगितलं. तो ऐकून घेऊन यादी खिशात घालून गेला. मी ती यादी ठेवून घ्यायला हवी होती, त्याच्या घरी जायला हवं होतं. गेलो नाही.

माझे वडील प्रो. माणिकरावांच्या, म्हणजे जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या आखाड्यात घडलेले. तिथला शिकवणारा मुलाच्या ताटात काय पडतं, तो किती झोपतो, याची चौकशी करायचा, असं ते सांगत. आज त्या जागी पावडरचा डबा विकून कमिशन घेणारा बसला असेल, तर त्या पोराने कुणावर भरवसा ठेवायचा?

२०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुने तपासले आणि त्यांपैकी २१३ दोषी निघाले, जवळजवळ चार टक्के. त्याच साली दिल्लीच्या राज्य स्पर्धेत तपासणी पथक आल्याचं कळताच शंभर मीटरच्या अंतिम फेरीला एकच धावपटू उभा राहिला. आता २०३० चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला, आपल्यापासून दोन तासांवर. मैदानं होतील, रस्ते होतील. बडोद्याच्या केमिस्टांना, जिमवाल्यांना, शाळेतल्या पी. टी. शिक्षकांना बंदी असलेल्या औषधांची यादी कोण समजावून सांगणार? आपल्या वृत्तपत्राने हा प्रश्न केमिस्टांच्या आणि क्रीडा संघटनांना विचारावा. यादी दर वर्षी बदलते, ती साध्या मराठी-गुजरातीत वर्षातून एकदा छापावी. आणि पुढच्या वेळी एखादा खेळाडू पकडला गेला, तर त्याच्या फोटोखाली थांबू नये. औषध कुणी दिलं, कुठून आलं, हे आपल्या वार्ताहराने शोधावं.

दुकान आता मुलगा बघतो. मागच्या महिन्यात मी काउंटरवर पाटी लावून घेतली: ‘खेळाडू असाल तर औषध घेण्याआधी सांगा.’ पहिले पंधरा दिवस कुणी काही बोललं नाही. परवा खोकल्याची चिठ्ठी घेऊन आलेल्या एका शाळकरी मुलीने पाटी वाचली आणि म्हणाली, “मी दोनशे मीटर पळते. राज्य स्पर्धा आहे.” मुलाने काढलेली बाटली परत फळीवर ठेवली आणि तिच्या डॉक्टरांना फोन लावला.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता
दांडिया बाजार, बडोदा