चकलीचा पीळ आणि आकाशगंगेतली धूळ

सोलापूर

प्रिय विनय,
सप्रेम नमस्कार.

तू विचारलंस, "गुरुत्वीय लहरी लायगोने २०१५ मध्येच पकडल्या, मग ती माणसं दक्षिण ध्रुवावर अजून काय शोधतायत?" प्रश्न इतका आवडला की उकाड्यात गच्चीवर गादी टाकून तुला लिहायला बसलोय.

लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेला सापडल्या त्या कृष्णविवरांच्या टकरीतून अवकाशात उठलेल्या लहरी. ध्रुवावर शोध चाललाय तो इन्फ्लेशनच्या वेळच्या लहरींचा, विश्व पहिल्या क्षणात अफाट वेगाने फुगलं तेव्हाच्या. त्या आज इतक्या क्षीण आहेत की लायगोच्या आवाक्यात येत नाहीत. म्हणून त्यांचा ठसा शोधायचा, विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचं असताना मोकळ्या झालेल्या प्रकाशावर. तोच ताणला जाऊन आता सूक्ष्मलहरी झालाय, तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.७ अंश. या गच्चीवरही तो चहूबाजूंनी येतोय!

गुरुत्वीय लहर अवकाशाला एकीकडे ताणते, काटकोनात दाबते. त्यातून इलेक्ट्रॉनवर विखुरलेल्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणाला, म्हणजे त्याच्या कंपनांच्या दिशेला, आकाशभर पीळ पडतो. चकलीचा पीळ आरशात उलटा दिसतो ना, तसाच हा नमुनाही उलटतो. त्याला बी-मोड म्हणतात. नुसत्या घनतेच्या चढउतारांनी मुळात असा पीळ पडत नाही, म्हणून तर त्याचं एवढं मोल.

मार्च २०१४ मध्ये बायसेप२ या दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीच्या गटाने तो सापडल्याचं जाहीर केलं. पण आपल्याच आकाशगंगेतले धूलिकण चुंबकीय क्षेत्रामुळे एका दिशेने लागतात आणि त्यांच्या प्रारणातही असा पीळ दिसतो. बायसेप२ बघत होतं एकाच वारंवारतेवर, १५० गिगाहर्ट्झवर; तेवढ्यावरून धूळ कुठली नि आदिलहरी कुठल्या, हे निवडणं अवघड. हाच प्रकाश मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाकडे ३५३ गिगाहर्ट्झची मोजमापं होती, तिथे धूळच जास्त उजळते. २०१५ च्या सुरुवातीला दोन्ही गटांनी आकडे एकत्र तपासले आणि दावा टिकला नाही.

याला लोक फजिती म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. एवढी मोठी बातमी हातातून जाणार हे दिसत असतानाही त्यांनी आपली मोजमापं दुसऱ्या गटाच्या मोजमापांशेजारी ठेवली. आणि काम थांबवलं नाही. २०१४ ला या लहरींच्या जोराचा (घनतेच्या चढउतारांच्या तुलनेतला) आकडा ०.२ च्या आसपास सांगितला होता. २०२१ पर्यंत तो ०.०३६ हून कमीच असणार, इथवर मजल गेली. इन्फ्लेशनची काही सोपी, देखणी प्रारूपं त्यात बाद झाली. लहर न सापडताही एवढं कळलं, विनय!

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा तुझ्या कॅमेऱ्याचा ध्रुवीकरण फिल्टर नक्की आण. लॅपटॉपच्या पडद्यासमोर तो फिरवला की पडदा कसा काळा पडतो, ते माझ्या वर्गातल्या पोरांना दाखवायचंय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत