बंद पडलेल्या फ्रीजबद्दल

चि. सुहास यास आईचे अनेक आशीर्वाद.

बंद पडलेला फ्रीज भंगारवाल्याला देऊ का, असं फोनवर विचारलंस. देऊ नकोस. भोरच्या पावसात उंदरांपासून बी-बियाणं राखायला इतकी बरी पेटी तुला विकत मिळायची नाही. बाहेरून पत्रा, मध्ये फोम, दाराला चुंबकाचं रबर. तुझ्या पणजोबांच्या घरी भिंतीत धान्य साठवायचं बळद होतं, त्यालाही खालून घुशी लागायच्या.

पण कणगी (धान्याची विणलेली, लिंपलेली मोठी टोपली) नि बळद शेणामातीचं. दाण्यातली थोडीफार ओल बाहेर पडायला वाव असायचा. फ्रीजमधून काहीच बाहेर जात नाही. दाणा ओलसर गेला की आतल्या आत बुरशी धरते आणि दार उघडल्यावर कुबट वास येतो, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून आधी परीक्षा घे. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि तव्यावर परतून गार केलेलं चमचाभर मीठ घाल, झाकण लावून चांगलं हलव, पाव तास राहू दे. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे. न चिकटलं तरी लगेच भरू नकोस. बंद पेटीत धान्य १२ टक्क्यांच्या आत हवं, बियाणं त्याहून कोरडं. आणखी दोन उन्हं दे. दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे, चेपता कामा नये. आणि उन्हातलं गरम धान्य तसंच कोंबलंस तर आत घाम सुटतो; रात्रभर निवू दे.

फ्रीजच्या आत मागच्या बाजूला पाणी जायचं भोक असतं ना, ते बुजव. मुंग्या तिथूनच येतात. दाराचं रबर सोड्याच्या पाण्याने पूस. दारात कागदाची पट्टी धरून दार लाव नि ओढ. सहज निसटली तर रबर ढिलं झालंय. पेटी सावलीत विटांवर ठेव, पत्रा तापला तर बी मरतं. मागच्या नळ्या स्वतः कापायला जाऊ नकोस. हल्लीच्या फ्रीजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो, तो पेट घेतो. मेकॅनिक काढून देईल.

कांदा-लसूण मात्र चुकूनही त्यात नको, त्यांना वारा लागतो. त्यासाठी तुझा जुना कूलर आहे की! मोटार, पंखा आणि गवताच्या जाळ्या काढल्या की तीन बाजूंनी मोकळा सांगाडा उरतो, घरापुरता कांदा आरामात राहतो. वॉशिंग मशीनचा भोकं असलेला स्टीलचा ड्रमही लसणाला छान, गंजायची भीती नाही. मायक्रोवेव्ह मात्र खोलून बघायचा उद्योग करू नकोस. प्लग काढला तरी त्याचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, झटका देऊ शकतो.

शेजाऱ्यांनी दिलेला तो डीप फ्रीझर गुरांच्या पेंडीला ठेव. फवारणीची औषधं त्यात नकोत, धान्याच्या फ्रीजमध्ये तर नकोतच. त्यांना वेगळं कपाट कर नि कुलूप लाव.

आता जे सांगते त्यावर हो-ना करत बसू नकोस. अर्णव लपाछपी खेळायच्या वयाचा आहे. अशा पेटीत हवाही जात नाही नि ओरडलेलंही बाहेर ऐकू येत नाही. अमेरिकेत पोरं अशीच गुदमरून गेली, तेव्हा कुठे १९५६ साली दार आतून उघडता आलं पाहिजे असा कायदा झाला. डीप फ्रीझरचं झाकण तर वरून पडतं. दोन्हींना बाहेरून कडी आणि कुलूप बसव, किल्ली उंचावर. सुताराला वेळ नसेल तर तोवर दारं काढून ठेव. पेंड गोणीत राहील चार दिवस, काही बिघडत नाही.

दिवाळीला येताना घट्ट झाकणाच्या रिकाम्या काचेच्या बरण्या आण. वालाचं, घेवड्याचं आणि गावरान काकडीचं बी वाळवून ठेवलंय, फ्रीजच्या वरच्या कप्प्यात मावेल एवढं. राखेत घोळून देते, आणि बरणीवर नाव नि साल लिही, नाहीतर पुढच्या वर्षी मलाच फोन करशील.

तुझी,
आई