चि. सायलीस, परदेशातल्या इंटर्नशिपबद्दल

गंगापूर रोड, नाशिक

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

मार्केटिंगच्या इंटर्नशिपसाठी तू पाठवलेली यादी नीट वाचली. लंडन, न्यूयॉर्क, बर्लिन, दुबई, सिंगापूर, आणि प्रत्येक कंपनीच्या नावापुढे तोच एक रकाना : "व्हिसा स्पॉन्सर करतील का?", म्हणजे व्हिसासाठी कंपनी तुझी जबाबदारी घेईल का. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू "हो गं आई" म्हणतेस आणि विषय मिटतो. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच, आवडलं नाही तर भांड.

माझं म्हणणं एवढंच की तो रकाना तू चुकीच्या माणसाला विचारते आहेस. सहा महिने येऊन जाणाऱ्या मुलीसाठी कुठल्या कंपनीचा एचआर सरकारी फॉर्म, फी आणि वकील यांच्या मागे लागेल? मार्केटिंगला तर त्यांच्याच गावात मुलं रांगेत उभी असतात. तू कितीही हुशार असलीस तरी अर्जातला "स्पॉन्सरशिप लागेल का" हा प्रश्न आणि त्याला तुझं "हो" दिसलं की पुढचं कोणी वाचत नाही. खोटं "नाही" लिहायचं तर नाहीच. मग खरं "नाही" लिहिता येईल, असा कोणता व्हिसा तुला मिळू शकतो ते आधी बघ. कंपन्यांची यादी त्यानंतर.

माझी नोकरी द्राक्षांच्या एक्स्पोर्टच्या कागदांत गेली, तेव्हा दाखला तिथलाच देते. रॉटरडॅमचा खरेदीदार मालासाठी कितीही उतावीळ असला तरी कंटेनर त्याच्या उतावीळपणावर सुटत नाही. बागेची ग्रेपनेटवर, म्हणजे एक्स्पोर्टच्या द्राक्षांच्या सरकारी यंत्रणेवर, नोंद लागते, औषधांचे अंश किती ते सांगणारा लॅबचा रेसिड्यू रिपोर्ट लागतो, माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा फायटो दाखला लागतो, आणि यातलं काहीच खरेदीदार देत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट या फवारणीच्या औषधाच्या अंशापायी आपली द्राक्षं युरोपात अडकली तेव्हा गोडीला, आकाराला कुणी नाव ठेवलं नव्हतं. नियमातल्या एका आकड्यावर अडलं, आणि पिंपळगावपासून दिंडोरीपर्यंत लोकांनी डोक्याला हात लावले. तुझा सीव्ही चांगला आहे गं. अडेल ते अशाच एखाद्या आकड्यावर.

अमेरिकेचं बघ. तुझ्या कामाची श्रेणी तिथे जे-१ व्हिसातली "इंटर्न" ही आहे. यात स्पॉन्सर म्हणजे बहुधा काम देणारी कंपनी नसतेच. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेल्या संस्था असतात, त्या डीएस-२०१९ नावाचा फॉर्म देतात आणि त्या फॉर्मवर व्हिसा. कंपनीने फक्त तुला घ्यायचं आणि डीएस-७००२ या ट्रेनिंगच्या आराखड्यावर सही करायची. म्हणजे कंपनीला लिहिताना "मला स्पॉन्सर कराल का" असं न विचारता "स्पॉन्सर संस्था मी शोधते, तुम्ही ट्रेनिंग प्लॅन भराल का" असं विचार. काम तेच, पण समोरच्याच्या डोक्यावरचं ओझं निम्मं होतं.

अट अशी : भारतात शिकत असताना, किंवा पदवी मिळाल्यापासून बारा महिन्यांच्या आत हा प्रोग्राम सुरू व्हायला हवा. तो जास्तीत जास्त बारा महिने चालतो. तुझं एमबीएचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे, तेव्हा घड्याळ सुरू व्हायला आलंय. ते वर्ष हुकलं तर "ट्रेनी" ही वेगळी श्रेणी उरते, पण तिला पदवीनंतर अमेरिकेबाहेरचा वर्षभराचा संबंधित अनुभव लागतो आणि मुदत अठरा महिन्यांपर्यंत मिळते. खरं सांगायचं तर मला ट्रेनीच बरी वाटते. वर्षभर इथे काम केलेली मुलगी तिथे जाऊन फक्त बघत बसत नाही. पण हे माझं मत, निर्णय तुझा.

आणखी एक नियम लक्षात ठेव, फार कमी मुलांना माहीत असतो. जे-१च्या ट्रेनिंगमध्ये कारकुनी काम वीस टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि इंटर्नला कायमच्या माणसाच्या जागी बसवायचं नाही. उद्या एखाद्या कंपनीच्या आराखड्यात दिवसभर एक्सेल भरणं आणि फोन उचलणं एवढंच दिसलं, तर स्पॉन्सर संस्था तो परत पाठवेल. तेव्हा आराखड्यात कोणत्या महिन्यात काय शिकवणार, कोण शिकवणार, हे कंपनीकडून नीट लिहून घे. स्पॉन्सर संस्थेची फी, विमा, २२० डॉलरची सेविस फी (परदेशी विद्यार्थी-इंटर्नच्या सरकारी नोंदीची) आणि व्हिसाची फी हे सगळं आपल्याला धरावं लागेल. शिवाय मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. तिथे "परत येऊन काय करणार" याचं उत्तर तुझ्याकडे असायला हवं, आणि ते पाठ केलेलं वाटता कामा नये.

एच-१बीच्या, म्हणजे अमेरिकेच्या नेहमीच्या नोकरीच्या व्हिसाच्या, नादी तूर्त लागूच नकोस. वर्षाला ८५ हजारांची मर्यादा, त्यावर लॉटरी, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून करायच्या नव्या अर्जांवर आलेला एक लाख डॉलरचा बोजा. इंटर्नसाठी कोणी एच-१बी करून देतो म्हणाला तर चहा पाजून वाटेला लाव.

आता ब्रिटन. माझा जीव इथे आहे. तिथला स्किल्ड वर्कर व्हिसा इंटर्नच्या कामाचा नाही. जुलै २०२५ पासून त्याची साधारण पगाराची अट वर्षाला ४१,७०० पौंड आहे, नवशिक्यांना सूट मिळूनही ३३,४०० च्या घरात जाते, आणि एवढा पगार इंटर्नला कोण देतं? इंटर्नसाठी दुसरी एक वाट आहे, सरकारमान्य एक्स्चेंज योजनांची. तिथेही अमेरिकेसारखंच : कंपनी स्वतः स्पॉन्सर होऊ शकत नाही, योजना चालवणारी संस्था होते.

पण तुझ्यासाठी यापेक्षा सरळ दार आहे ते इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीमचं. २०२३ साली सुरू झालं. अठरा ते तीस वय, पदवी किंवा त्याहून वरचं शिक्षण, भारतीय पासपोर्ट. वर्षाला तीन हजार जागा, त्यासाठी ऑनलाइन बॅलट म्हणजे सोडत, आणि बॅलटमध्ये नाव घालायला एक पैसा लागत नाही. आतापर्यंत फेब्रुवारीत आणि जुलैत तो एकदोन दिवसांसाठी उघडत आलाय. नाव निघालं की दोन वर्षांचा व्हिसा, आणि त्या दोन वर्षांत स्पॉन्सर लागतच नाही. नोकरी ठरलेली असण्याचीही अट नाही. अर्जातल्या त्या प्रश्नाला तुला खरंखुरं "नाही" लिहिता येईल ते इथे.

पैशांचं आधीच सांगते. २,५३० पौंडांची बचत खात्यात सलग २८ दिवस दिसली पाहिजे. म्हणजे जवळपास तीन लाख रुपये. ते बाबांनी तुझ्या नावावर टाकायचं कबूल केलंय, पण ते दाखवायचे आहेत आणि तिथे गेल्यावर पहिल्या भाड्याला लागतील, शॉपिंगला नाहीत. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो दोन्ही वर्षांचा आधीच भरायचा, व्हिसाची फी वेगळी, टीबीची तपासणी वेगळी. नाव निघाल्यावर अर्जाला मुदत मोजकीच मिळते, तेव्हा कागद आधी तयार ठेवायचे. आजी म्हणतात, "लॉटरीवर कोणी आयुष्य ठेवतं का?" त्यांचंही खरं आहे. म्हणूनच ती फुकटची चिठ्ठी टाकून ठेवायची आणि इकडे काम चालू ठेवायचं.

बाकीची गावं थोडक्यात. बर्लिनला मार्केटिंग म्हणजे जर्मन लोकांना जर्मनमध्ये पटवणं. तुझं जर्मन ए-वन या पहिल्या पायरीच्या पुढे गेलेलं नाही. ऑस्ट्रेलियाची भारतीय तरुणांसाठीची मेट्स योजना तू यादीत टाकलीस, ती काढ. ती इंजिनिअरिंग, आयटी, फिनटेक, अक्षय ऊर्जा अशा ठरावीक क्षेत्रांना आहे, मार्केटिंग त्यात बसत नाही. दुबईत व्हिसा कंपनीच काढते आणि त्याचा खर्च कामगाराकडून घ्यायला तिथल्या कायद्याने बंदी आहे. "आधी विझिट व्हिसावर या, मग बघू" म्हणणाऱ्याला नमस्कार. आणि लंडनला मास्टर्स करून मग शिक्षणानंतर तिथे काम करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा घ्यायचा, ही जी तुझ्या मैत्रिणीची वाट आहे, ती वाईट नाही. पण एक एमबीए संपतंय तोवर दुसऱ्या पदवीचं कर्ज काढायचं आणि ते केवळ व्हिसासाठी, हे मला पटत नाही. शिवाय १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी दीडच वर्ष मिळणार आहे.

तुला ज्या कन्सल्टन्सीचा फोन आला तिचं. "लंडनमध्ये स्पॉन्सरशिपसकट इंटर्नशिप, गॅरंटी, दीड लाख, निम्मे आधी." गॅरंटी देणारा माणूस व्हिसा ऑफिसर आहे का? नाही. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला १९८३च्या एमिग्रेशन ॲक्टखाली नोंदणी लागते, ती सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही बघता येते, आणि तो कामगाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेऊ शकतो. ब्रिटनमध्ये कोणत्या कंपनीकडे स्पॉन्सरचं लायसन्स आहे याची यादी तिथल्या सरकारने साइटवर उघडी ठेवलीय. त्यांना कंपनीचं नाव विचार आणि त्या यादीत शोध. नावच सांगत नाहीत म्हणालीस ना? मग झालं की उत्तर.

आता मार्केटिंगचं, कारण व्हिसाच्या गडबडीत तू मूळ मुद्दा विसरते आहेस. लंडनच्या माणसाला तुझ्याकडून काय हवं असेल? त्यांच्या मुलांपेक्षा चांगलं इंग्रजी नको, इन्स्टाग्रामच्या रील्सही नकोत, त्या तिथे ढिगाने बनतात. तुझ्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. बागेतून निघालेलं द्राक्ष अर्ध्या किलोच्या पनेटमध्ये, म्हणजे त्या छोट्या प्लास्टिकच्या डब्यात, बसून त्यांच्या सुपरमार्केटच्या शेल्फवर कसं जातं, तांबड्या समुद्रातला रस्ता अडला आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली की त्या पनेटचं काय होतं, हे तू लहानपणापासून आमच्या जेवणाच्या ताटावर ऐकलंयस. तेच लिही. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत तीन महिने काम मागून बघ. मोहाडीला सह्याद्री फार्म्स आहे, वायनरी तर गंगापूर धरणाकडे जाताना उजवी-डावीकडे आहेत. "नाशिक व्हॅली वाइन"ला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं कायदेशीर मानांकन, आहे हे नाशकातल्याच कितीजणांना माहीत आहे? ते लोकांना कळावं म्हणून तू काय केलंस, आधी किती लोक विचारत होते, नंतर किती, एवढं दोन पानांत मांडता आलं तर ती दोन पानं तुझ्या सीव्हीच्या वर ठेव. आणि एखाद्या परदेशी कंपनीने घरबसल्या इंटर्नशिप दिली तर नाक मुरडू नकोस. तिला व्हिसा लागत नाही, आणि पुढे जे-१चा आराखडा भरायला तोच साहेब तयार होतो.

तर आत्ता करायचं काम. सह्याद्रीला आणि दोन वायनऱ्यांना या आठवड्यात मेल टाक, मसुदा आधी मला दाखव. बॅलटच्या तारखांसाठी ब्रिटन सरकारच्या साइटवर लक्ष ठेव, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. जे-१ची स्पॉन्सर संस्था शोधताना अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या यादीतूनच शोध, आणि तीन नावं काढून त्यांची फी मला कळव, म्हणजे बाबांना एकदाच आकडा सांगता येईल.

पुढच्या शनिवारी येशील तेव्हा सगळ्या मूळ मार्कशीट्स आण. विद्यापीठाच्या कागदावर तुझं आडनाव आधी, मग नाव, मग बाबांचं नाव असं छापलंय. पासपोर्टवर क्रम वेगळा आहे आणि बाबांच्या नावाचं स्पेलिंगही एका अक्षराने वेगळं दिसतंय. हा पासपोर्ट इथे नाशिकरोडच्या प्रेसमध्येच छापला गेला असला तरी प्रेसवाले आपलं स्पेलिंग सुधारून देत नाहीत. कोणता कागद दुरुस्त करायचा ते बसून ठरवू.

तुझी,
आई