मालवणला जायच्या आधी बॅटनचं काम, शनिवारी नक्की या

मंडळी, रविवारी पहाटे ४ ला फोंडा घाटानं निघायचंय, पण शनिवारी संध्याकाळी ६ ला शेडवर या, शीड सतरंजीवर पसरून बॅटन (शिडाला आकार देणाऱ्या फायबरच्या लांब पट्ट्या) इथं कोल्हापुरातच घालून बघायच्यात, मागच्या वेळसारखं किनाऱ्यावर उन्हात बसून घोळ नको. त्यावेळी मधली बॅटन उलटी गेलेली, जाड टोक मास्टकडं (डोलकाठीकडं), मग शिडाचं पोट, म्हणजे वाऱ्यानं येणारा फुगवटा, पुढं यायचं ते मागं सरकलं आणि बोट पुढं जायच्याऐवजी नुसती कलत होती. पातळ, वाकणारं टोक कायम मास्टकडं. प्रत्येक बॅटनवर मार्करनं नंबर घातलाय, तोच पॉकेटवर (शिडावर बॅटन घालायला शिवलेल्या खोबणीवर) पण आहे, जुळवून घाला.

आता ताण. मागच्या टोकाची दोरी हळूहळू ओढायची, पॉकेटवर आडव्या बॅटनला काटकोनात बारीक सुरकुत्या दिसतात बघा, त्या जिथं मिटल्या तिथं थांबायचं आणि गाठ मारायची. जोर आहे म्हणून ओढत सुटू नका, जास्त ताणलं की पोट खोल होतं, आणि मंद वाऱ्यात टॅक मारल्यावर (वाऱ्याच्या तोंडातून बोट वळवल्यावर) बॅटन दुसऱ्या बाजूला पलटतच नाही, बूमला (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याला) हिसका द्यावा लागतो. वारं जोरात असेल तर खोल पोट अजिबात नको, सुरकुत्या जाण्यापुरतंच ताणा.

हातमोजे आणा, फायबरचं कुसळ बोटात गेलं की दोन दिवस ठणकतं. चिरलेली बॅटन दिसली तर तशीच घालू नका, पॉकेट फाटतं, आधी मला दाखवा. आणि परत आल्यावर सगळ्या दोऱ्या सैल करूनच शीड गुंडाळायचं, तसंच ताणलेलं ठेवलं तर कापड ओढलं जातं.

कोण कोण येतंय ते आज रात्रीपर्यंत सांगा.