सरपंचकीला उभ्या राहणाऱ्या मित्रास

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सरपंचपदाला उभं राहायचं नक्की केलंस, बरं झालं. आता सरपंच थेट गावानेच निवडायचा, त्यामुळे चार सदस्यांना सहलीला नेऊन भागत नाही, दारोदार जावंच लागतं. म्हणून तुला प्रश्न पडलाय, की गावाचा लाडका व्हावं की गावाने मानावं असं वागावं. तू विचारलंस म्हणून लिहितो. एरवी गाव सोडून गेलेल्याने गावाला शहाणपण शिकवणं मला आवडत नाही.

लाडकं व्हायची रीत आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. एकही लग्न, बारसं, मयत चुकवायची नाही. जत्रेतल्या कुस्त्यांना इनाम, गणपतीला घसघशीत वर्गणी, पोरांना टी-शर्ट. एसटी स्टँडवर हात जोडलेला फ्लेक्स आणि त्याच्या खाली शुभेच्छुकांचे टिकलीएवढे फोटो. यातलं मयतीला जाणं मी कमी लेखत नाही. मध्यरात्री गाडी काढून बाळंतिणीला तालुक्याला नेणारा माणूस लोक विसरत नाहीत, विसरूही नये. पण गाव त्या उपकाराची फेड कशी करतं ते बघ. ग्रामसभेत गप्प बसून! ज्याने पोराचं अ‍ॅडमिशन करून दिलं, त्याला गटाराच्या बिलाचं कोण विचारणार?

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत यावरच बोट ठेवलं होतं. धर्मात भक्तीने मुक्ती मिळत असेल, पण राजकारणात भक्ती म्हणजे अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता, असा त्या बोलण्याचा आशय. (त्यांच्या फोटोला हार घालणाऱ्या किती पुढाऱ्यांनी ते भाषण वाचलंय, देव जाणे.) आणि पुढे पहिल्याच लोकसभा निवडणुकीत ते मुंबईतून पडले. तेव्हा मान मिळवलास की मतं आपोआप पडतील, असं मी तुला सांगणार नाही. पडतील किंवा नाही पडणार.

पण हिवरे बाजार बघ. पोपटराव पवार 1989 मध्ये तिथे सरपंच झाले. त्यांनी गावात काय आणलं हे सगळे सांगतात. मला मोठं वाटतं ते हे, की त्यांनी गावाला कशाकशाला नाही म्हणायला लावलं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, उसासारखं पाणी पिणारं पीक घ्यायचं नाही. मोकाट चराई बंद, झाडावर कुऱ्हाड बंद, दारू बंद. आणि हे कुठे, तर नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यात, जिथे प्रत्येकाला वाटतं की अजून पन्नास फूट खाली गेलं तर आपल्याच वावरात पाणी लागेल. अशा गावात बोअरबंदी बोलून दाखवणारा माणूस लाडका कसा होईल? तरी ती टिकली, कारण नियम सगळ्यांना सारखा होता आणि हिशेब उघडा होता. यंदा पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती, हे ग्रामसभेपुढे मांडायचं आणि त्यावरून पिकं ठरवायची. सरपंचावर विश्वास ठेवा असं सांगायची पाळीच येत नाही. आकडा समोर असतो.

2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, पण त्यापेक्षा मला 2021 सालची ग्रामपंचायत निवडणूक आवडली. तोवर तीसेक वर्षं तिथे सगळं बिनविरोध व्हायचं. त्या वर्षी कुणीतरी समोर उभं राहिलं, रीतसर मतदान झालं आणि पोपटरावांचंच पॅनेल आलं. बिनविरोधचं आपल्याला उगाच कौतुक असतं. इतक्या वर्षांच्या मानाला एकदा बटण दाबून होकार मिळाला, हे किती बरं झालं!

आणि तू मागे विचारलेले सांगोल्याचे गणपतराव देशमुख. आबांवर तालुक्याचा जीव होता, अकरा वेळा आमदार केलं, एसटीने फिरणारा आमदार म्हणून महाराष्ट्राला ठाऊक. पण त्याच सांगोल्याने त्यांना 1972 ला पाडलं, 1995 ला पुन्हा पाडलं, आणि दोन्ही वेळा नंतर परत निवडून दिलं. जीव लावूनही पाडता येतं, असा जीव लागला तर माझी काही तक्रार नाही. फक्त तो मागून मिळत नाही, आणि फ्लेक्सवर तर नाहीच नाही.

आता तुझं. तुझी परीक्षा पाणीपट्टीवर होणार. आधीच्यांनी निवडणूक आली की वसुली थांबवली, लोक खूश. मग नळयोजनेचं वीजबिल थकतं, कनेक्शन तुटतं आणि बायका पुन्हा हंडे घेऊन विहिरीवर. म्हणून प्रचारातच सांगून टाक, की वसुली करणार आणि वर्षाचा जमाखर्च चावडीवर लावणार. काही घरं तिथेच हातची जातील. जाऊ देत.

थकबाकीदारांची यादी लावशील तेव्हा आमच्या चुलत्यांचं नाव बहुधा वरच असेल. ते मला फोन करतील, मी तुला करणार नाही. पण ते नाव यादीतून गाळलंस, तर पुढच्या खेपेला आमच्या घरची मतं धरून चालू नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बाळ्या