बंड्या, मीटरची ऑर्डर थांबव

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं, सोबतचे फोटोही. डॅशबोर्डच्या पोटातून वायरींचा गुंता बाहेर लोंबतोय आणि तू त्याच्याकडे विजयी मुद्रेने बोट दाखवतोयस, हे पाहून आधी हसलो आणि मग जरा घाबरलो. कारण खाली लिहिलंयस, 'पेट्रोल आणि टेंपरेचर, दोन्ही मीटर एकदम गेले, आता सगळा संचच नवा बसवतो.' ऑर्डर दिली नसशील तर थांब. हाच शहाणपणा मी आधी करून बसलोय.

माझा ट्रक तुला माहीतच आहे. १९५४ चा शेव्हरोले ३१००, सहा व्होल्टचा, डायनॅमोवाला, पायाने दाबून स्टार्टर फिरवायचा. (शेव्हरोलेने ट्रकला बारा व्होल्ट दिले ते १९५५ च्या मार्चमध्ये आलेल्या नव्या मॉडेलपासून. म्हणजे माझं थोडक्यात हुकलं.) मीटर जुने म्हणजे ते खोटंच सांगणार, असं मी धरून चाललो होतो. म्हणून ट्रक सहावरून बारा व्होल्टवर न्यायचं काम काढलं तेव्हा पहिली खरेदी कसली, तर काळ्या तबकड्यांच्या चकचकीत नव्या मीटरची. बसवले, किल्ली फिरवली आणि पेट्रोलचा काटा सटकन 'फुल'वर. मी खूश. दहा दिवस काटा तिथेच, आणि मी गाडीच्या ॲव्हरेजवर खूश! अकराव्या दिवशी भर रस्त्यात इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. काटा तेव्हाही 'फुल'वरच.

झालं होतं असं. टाकीतला फ्लोट वरखाली होतो तसा सेन्सरचा रेझिस्टन्स बदलतो आणि मीटर तो वाचतो. माझ्या सेन्सरला टाकी रिकामी असताना शून्य ओहम, भरलेली असताना ३०. नवा मीटर मात्र रिकाम्याला २४०, भरल्याला ३३ धरून बनवलेला. टाकीने काहीही सांगितलं तरी नव्या मीटरच्या भाषेत ते काठोकाठच. टाकी सीटच्या मागे, सेन्सर हाताशी. मल्टिमीटर लावला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण मल्टिमीटर खणात आणि मी रस्त्यावर.

मग मात्र मुकाट्याने जुने मीटर बाहेर काढून टेबलावर मांडले आणि पहिल्यांदाच नीट पाहिले. चार मीटर, त्यातल्या दोघांना वायरच नाही! ऑइल प्रेशरच्या मागे इंजिनकडून बारीक नळी येते आणि तेलाचा दाब थेट काटा हलवतो. टेंपरेचरच्या मागे केसासारखी बारीक तांब्याची नळी, तिच्या टोकाला फुगा, आत ईथर. इंजिन तापलं की ईथरचा दाब वाढतो, काटा सरकतो. (ही नळी कधी कापू नकोस, वाकवतानासुद्धा जपून, ईथर उडालं की मीटर गेला.) सहा व्होल्ट असोत की बारा, या दोघांना काही देणंघेणं नाही. म्हणजे ज्यांच्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं, ते दोन मीटर मी भंगारात काढायला निघालो होतो.

उरले दोन. पेट्रोलचा जुना मीटर परत बसवला, त्याच्या आधी व्होल्टेज कमी करणारा एक छोटा तुकडा जोडला. प्रश्न मिटला. खरा गुन्हेगार अँमीटर, म्हणजे करंट मोजणारा मीटर, आणि तोही स्वतः बिघडलेला नव्हता. स्टार्टरचा सोडला तर गाडीतला बहुतेक सगळा करंट आधी डॅशमागे येतो, अँमीटरच्या दोन बोल्टांतून जातो आणि मग पुढे. मध्ये फ्यूज नाही. त्यात सहा व्होल्ट: ४५ वॅटचा दिवा सहावर साडेसात अँपियर ओढतो, तोच बारावर पावणेचार. एवढा करंट वाहणाऱ्या वायरीवर सुती वेणीचं आवरण. हेडलाइटच्या स्विचमागे मी बोट लावलं तर ते आवरण कोंड्यासारखं गळून पडलं आणि आतलं तांबं उघडं. लांबच्या प्रवासात येणारा तो 'जुन्या गाडीचा खास वास', ज्याचं आपण दोघं कौतुक करायचो, तो कशाचा होता ते त्या दिवशी कळलं.

आता अँमीटर जागेवर आहे, पण शोभेपुरता. खाली एक छोटा व्होल्टमीटर लावलाय; त्याला बारीक वायर आणि दोन अँपियरचा फ्यूज पुरतो. इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १४ च्या अलीकडे पलीकडे. चालू इंजिनवर तेराच्या खाली उतरला की अल्टरनेटर (डायनॅमोच्या जागी आता तोच आहे) चार्ज करत नाही असं समजतो.

वायरिंग सगळं नवं ओढलं. त्याचं पुराण लावत नाही, पण चार गोष्टी ऐक. जुनी वायर काढण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांध. 'लक्षात राहील' हे खोटं असतं. टोकांना डाग देऊ नकोस, चांगल्या पकडीने दाबून क्रिम्प कर. डाग दिलेली वायर जिथे कडक होते, बरोबर त्याच्या पुढे हादऱ्याने तुटते. हेडलाइटला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लाव, म्हणजे दिव्यांचा करंट डॅशच्या स्विचमधून जाणारच नाही: रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीकडून फ्यूजमधून वायर, ८७ वरून दिवे, ८५-८६ मध्ये स्विच. सहाच्या जाड बॅटरी केबल मात्र मी फेकल्या नाहीत, बारावर त्या उत्तमच.

आणि पहिल्यांदा बॅटरी जोडताना मेन फ्यूजच्या जागी हेडलाइटचा एक बल्ब लाव. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि सगळा करंट तोच अडवून धरेल, वायर जळणार नाही. माझा पेटला. वायपरच्या स्विचमागे एक वायर पत्र्याखाली चेमटली होती. दोन तास शोधत होतो, पण धूर निघाला नाही हे केवढं मोठं सुख!

एवढं होऊनही इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच्या तालावर डुलायचा. इथे माझे तीन रविवार गेले. इंजिन रबरावर, कॅब रबरावर, त्यावर रंगाचे थर; करंटने बॅटरीकडे परत जायचं, म्हणजे अर्थ मिळायचा, कुठून? दिवे लावून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी मीटरच्या पाठीला धरली: १.४ व्होल्ट. तिथे जेमतेम ०.१ दिसायला हवं. रंग खरवडून इंजिन, कॅब आणि चासी जाड पट्ट्यांनी एकमेकांना बांधल्या आणि काटा जागेवर शांत बसला. अर्थ नीट नसेल तर मीटर बोलतो त्याला अर्थ राहत नाही. (कोटी जुनी आहे, माफ कर. तीन रविवारांची मजुरी म्हणून घेतली.)

आता तुझा फोर्ड. १९६२ चा, म्हणजे बारा व्होल्टचा आहेच, माझा निम्मा उपद्व्याप तुला नाही. दोन्ही काटे एकाच वेळी वर चढले म्हणतोस ना? दोन मीटर एकाच दिवशी, एकाच दिशेने बिघडतील? मला नाही पटत. तुझ्या मीटरांना बारा व्होल्ट मिळतच नाहीत. तबकडीच्या पाठीमागे आगपेटीएवढी एक डबी आहे, तो रेग्युलेटर. आतली पट्टी तापून वाकते, संपर्क तुटतो, थंड होते, पुन्हा जुळतो. अशी उघडझाप करत ती मीटरांना सरासरी पाचेक व्होल्ट देते. ही डबी चिकटली, किंवा तिचा अर्थ तुटला, की बाराचे बारा व्होल्ट दोन्ही मीटरांवर जातात आणि दोन्ही काटे हातात हात घालून वर. डबीला वेगळी अर्थची वायर नाही, तिचं अंगच क्लस्टरच्या, म्हणजे मीटरांच्या संचाच्या, पत्र्याला टेकलेलं असतं. तू डॅश उचकटून क्लस्टर बाहेर लोंबत ठेवलायस आणि तशीच किल्ली फिरवतोयस, असं फोटोवरून तरी दिसतं. मग काटे चढणार नाहीत तर काय होईल? तसं फार वेळ ठेवू नकोस, मीटर खरोखर जळतील.

क्लस्टरच्या पत्र्यापासून चांगल्या अर्थपर्यंत एक वायर टाक. मग डबीच्या आउटपुटला टेस्ट लॅम्प लाव. मिचकावत असेल तर डबी जिवंत आहे. सतत पेटलेला राहिला तर बदल. पेट्रोलच्या सेन्सरचे आकडेही मोज: फोर्डला रिकाम्याला ७३ आणि भरल्याला १० यायला हवेत. माझ्या शेव्हरोलेच्या बरोबर उलट. तेव्हा माझे काढलेले नवे मीटर तुला पाठव म्हणालास तरी पाठवणार नाही, तुझ्याकडे ते रिकाम्या टाकीलाही अर्ध्याच्या वरच दाखवतील. सेन्सरला हात लावण्याआधी बॅटरी काढ आणि दारं उघडी ठेव. तुझीही टाकी सीटच्या मागेच आहे.

आकडे कळव. तोवर ऑर्डर नाही.

तुझाच,
विज्या

ता. क. हॉर्न बदलायचा राहिलाय, अजून सहा व्होल्टचाच आहे. बारावर तो असा काही किंचाळतो की परवा मीच दचकून ब्रेक मारला.