खोटा काटा

सांगली

चि. सिद्धार्थ,
सप्रेम जय भीम.

परवा तू फोनवर सांगितलंस, खोलीतल्या मित्रानं विचारलं, "तुमच्यात देव नाही, उपास नाही, मग तुम्ही करता तरी काय?" आणि तुला उत्तर सुचलं नाही. मलाही फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले धम्मवाचनाचे तीन महिने, चालू आहे. आषाढी पौर्णिमेपासून तुझी आई रोज संध्याकाळी विहारात बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या वाचनाला जाते. तिचा नंबर असला की दुपारपासूनच चार-चारदा वाचून ठेवते. भन्ते, म्हणजे भिक्खू, वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी येतात. बारसं, लग्न, माणूस गेल्यावरचं पुण्यानुमोदन सगळं बौद्धाचार्य, म्हणजे विधी करणारे आपल्यातलेच गृहस्थ, आणि आपण मिळून करतो.

पण मित्राला माझ्या कामाचंही सांग. मी तोलाईदार, मार्केट यार्डात माल तोलून वजन लिहिणारा. तिथं नवा होतो तेव्हा हळदीच्या सौद्यात एका खरेदीदारानं डोळ्यानं खुणावलं आणि मी पोत्यामागे अर्धा किलो कमी लिहिला. चाळीस पोती, म्हणजे वीस किलो. शेतकरी अथणीकडचा म्हातारा, बोटं हळदीनं पिवळी. त्यानं चिठ्ठी वाचलीसुद्धा नाही, घडी घालून खिशात ठेवली. त्या रात्री पंचशील म्हणताना 'अदिन्नादाना वेरमणी'पाशी माझी जीभ अडली. न दिलेलं घेणार नाही, हे मी लहानपणापासून म्हणत आलो होतो. सकाळी त्याला शोधलं, तो रात्रीच गावी गेला होता. ते वीस किलो अजून माझ्या अंगावर आहेत.

पुढे एका भन्तेंनी सांगितलं, त्रिपिटकातल्या दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात भगवंतांच्या आचरणाचं वर्णन आहे, त्यात ते तुलाकूटापासून दूर असल्याचं येतं. तुलाकूट म्हणजे खोटा काटा. माझ्या धंद्यातलं पाप इतक्या जुन्या ग्रंथात नावानिशी असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मागच्या रांगेत बसलो होतो, डोळे भरून आले.

१९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली, त्यानंतर तुझ्या पणजोबांनी घरातले देव कृष्णेत सोडले. ते एका दिवसात झालं. बावीस प्रतिज्ञांतली 'मी चोरी करणार नाही' ही मात्र मला रोज पहिलं पोतं काट्यावर चढलं की नव्यानं पाळावी लागते.

आश्विन पौर्णिमेला वाचनाची सांगता आहे. खीर आपल्या घरून जायची आहे, दूध मी सांगून ठेवलंय. मित्रालाही घेऊन ये. तुझा पांढरा शर्ट आईनं धुऊन ठेवलाय.

तुझे,
बाबा